म्हातारी बस चालवते तो सीन

जानेवारीतल्या मंगळवारी, भर दुपारी एक वाजता, उणे एकतीसच्या थंडीत जो माणूस सिनेमाला जातो तो एक तर अस्सल रसिक असतो, नाहीतर त्याला घर खायला उठतं. ओरेस्त ह्लादकी दुसऱ्या जातीतला. एकतीस वर्षं त्याने कॅनडातल्या विनिपेग शहराची बस चालवली. निवृत्त झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की आता आपल्याला कुठेच वेळेवर पोचायचं नाही. बायको केव्हाच वेगळी होऊन कॅलगरीला गेलेली, मुलगी व्हँकुव्हरला. सकाळी उठून तो खिडकीतून आपल्याच जुन्या रूटची बस जाताना बघायचा आणि नवा ड्रायव्हर वळण किती वाईट घेतो, हे फ्रिजला सांगायचा. फ्रिज उत्तर द्यायला लागण्याआधी माणसांत गेलेलं बरं, म्हणून तो मंगळवारच्या सिनेमामंडळात शिरला.

मंडळ कसलं, चार टाळकी. धान्यबाजाराच्या एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर कॅमिओ नावाचं छोटं थिएटर होतं. त्या थिएटरला सरळ सिनेमाचं वावडं. तिथे जे लागायचं त्यात माणसं भिंतीतून चालत जायची, घड्याळं रडायची, आणि हे सगळं इतक्या झपाट्यात, की पॉपकॉर्न तोंडात टाकेपर्यंत तीन देश बदललेले असायचे. सिनेमा सुटला की चौघं खालच्या डोनटच्या दुकानात बसून आपल्याला काय वाटलं ते एकमेकांना सांगायची.

मंडळाचे प्रमुख गॉर्डन इंकस्टर. अडतीस वर्षं शाळेत कविता शिकवून ते निवृत्त झाले होते, त्यामुळे सगळे त्यांना मास्तरच म्हणत. काळोखात बसून ते वहीत भराभर लिहीत, आणि नंतर सिनेमाचा अर्थ असा सांगत की दिग्दर्शकानेही ऐकून घ्यावं. दुसरी मार्गरीत लाफ्रेनिएर. तिने सेंट बोनिफेस भागात पंचवीस वर्षं केशकर्तनालय चालवलं होतं. कात्री तिने ठेवून दिली होती, पण जिभेची धार तशीच होती. तिसरी लूझ अबाद, फिलिपिनो नर्स, रात्रपाळी करून थेट थिएटरला येणारी. आणि चौथा ओरेस्त, ज्याला सिनेमातलं ओ की ठो कळत नसे. दर मंगळवारी त्याचं मत एकच असायचं : "वेग भारी होता." दोन वर्षं त्याने यावर निभावून नेलं होतं.

त्या मंगळवारी 'बर्फाचा वकील' नावाचा सिनेमा होता. एका भट्टीवर खुनाचा खटला भरलाय, तिचा वकील नखशिखांत बर्फाचा, ज्युरीत बारा बदकं, आणि न्यायाधीशाचं तोंड दर सेकंदाला बदलतंय. नव्वद मिनिटांत तीन हजारांवर कट. त्यात ओरेस्त येताना चर्चच्या तळघरातल्या खाणावळीत बटाट्याचे बारा पेरोगी, म्हणजे उकडलेल्या करंज्याच, वर परतलेला कांदा आणि आंबट साय, असं रीतसर जेवून आला होता. थिएटरात उबदार होतं. खुर्ची मऊ होती. वकिलाचा डावा कान वितळला तिथपर्यंत त्याला पक्कं आठवत होतं.

खाली डोनटच्या दुकानात मास्तरांनी कोट काढला, वही टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "हं. बोला. आधी मार्गरीत."

"मला एवढंच कळलं, की वकील ऐन बोलायच्या वेळी पाणी पाणी होतो," मार्गरीत म्हणाली. "माझा दुसरा नवरा डिट्टो असाच होता. त्याच्यावर सिनेमा काढतील असं नव्हतं वाटलं."

"लूझ?"

"बदकं गोड होती," लूझ जांभई दाबत म्हणाली.

"ओरेस्त? वेग भारी होता, असंच ना?" मास्तर हसले. मार्गरीतही हसली.

ते हसणं ओरेस्तला टोचलं. मार्गरीत हसली नसती तर कदाचित टोचलं नसतं. तो म्हणाला, "वेग होताच. पण मला आवडला तो म्हातारीचा सीन. गोठलेल्या नदीवरून ती बस चालवते तो. डोक्यावर फरची टोपी, आणि मागे प्रत्येक सीटवर बीटाच्या लोणच्याची बरणी बसलेली. ती प्रत्येक स्टॉपला थांबते, दार उघडते, कोणी चढत नाही, तरी म्हणते, 'मागे सरका, मागे सरका.'"

मार्गरीतने कॉफीत चमचा फिरवला. लूझ डोनटकडे बघत बसली. मास्तरांनी वहीची पानं उलटली, पुढे, मग मागे. तेवढ्या वेळात ओरेस्तच्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली.

मग मास्तरांनी वही मिटली. "अर्थातच," ते म्हणाले. "तो सीन. मी वाटच बघत होतो कोण बोलतंय याची. अख्खा सिनेमा त्या सीनवर उभा आहे."

"हो ना!" मार्गरीत म्हणाली. "ती टोपी बघून मला रडूच आलं."

"बरण्या तर किती छान हलत होत्या, कुया ओरेस्त," लूझ म्हणाली. थोरल्या भावाला तिच्याकडे कुया म्हणत, आणि वयाने मोठा दिसेल त्या प्रत्येकाला ती भाऊ करून टाके.

पुढचा पाऊण तास त्या म्हातारीवर चर्चा झाली. बीट म्हणजे रक्त, बरणी म्हणजे आठवण, बस म्हणजे राज्यव्यवस्था. ओरेस्तला दोन वर्षांत कोणी इतकं विचारलं नव्हतं. निघताना मार्गरीतने त्याच्या दंडावर हात ठेवला आणि म्हणाली, "छुपा रुस्तम आहेस रे तू." पालीचं चुकचुकणं तिथल्या तिथे थांबलं.

त्याच संध्याकाळी तो आईला भेटायला गेला. स्तेफानिया ह्लादकी एकोणनव्वद वर्षांची होती आणि मेन स्ट्रीटजवळच्या एका वृद्धनिवासात राहत होती. लूझ तिथेच नोकरीला. म्हातारीचे गुडघे गेले होते, कान अर्धे गेले होते, तोंड मात्र शाबूत होतं.

"आई, आज सिनेमात तुझ्यासारखी बाई होती. हुबेहूब. तुझीच टोपी. बस चालवत होती."

"कोण चालवत होतं?"

"तू! म्हणजे तुझ्यासारखी. बस! नदीवरून!"

म्हातारीने सूपचा चमचा खाली ठेवला. आयुष्यात तिने सायकलसुद्धा चालवली नव्हती. नवऱ्याने ट्रॅक्टरला कधी हात लावू दिला नव्हता, त्याचा राग तो मेल्यावरही गेला नव्हता.

"नीट चालवत होते का?" तिने विचारलं.

"झकास. एक धक्का नाही."

"तुझ्यापेक्षा बरी?"

"बरीच बरी."

"मग मला बघायचंय," ती म्हणाली. शेजारच्या टेबलाकडे वळून ती इतक्या मोठ्याने ओरडली की स्वयंपाकघरातली बाई बाहेर आली. "ऐकलंत का गं, मी सिनेमात आहे! बस चालवतेय!"

शनिवारी दुपारी कॅमिओत याच सिनेमाचा खास खेळ होता. दिग्दर्शिका स्वतः येऊन प्रश्नांना उत्तरं देणार होती. लूझने व्हीलचेअरच्या गाडीची सोय केली. सगळं ठरलं.

आणि गुरुवारी ओरेस्त पुन्हा एकटाच सिनेमा बघायला गेला. आईला तो सीन नेमका कधी येतो ते आधी सांगता यावं, एवढाच हेतू. या खेपेला तो उपाशी गेला, दोन कप काळी कॉफी पिऊन. नव्वद मिनिटं त्याने पापणी अशी रोखून धरली की शेवटी डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. भट्टी आली. बदकं आली. वकिलाचा डावा कान वितळला, मग उजवा, मग नाक. म्हातारी आली नाही. बस आली नाही. बीटाची फोडसुद्धा आली नाही.

दिवे लागले तरी तो खुर्चीतच बसून राहिला. झोपलो होतो आपण, त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पेरोगी खाऊन ढाराढूर झोपलो, स्वप्नात आईला बघितलं, आणि तो सीन म्हणून मंडळाला विकला. पण मग मार्गरीत रडली ती कशावर? मास्तर पाऊण तास बोलले ते कशावर?

घरी येऊन त्याने मास्तरांना फोन लावला.

"मास्तर, तो म्हातारीचा सीन तुम्ही अगदी नक्की पाहिलात ना?"

मास्तर म्हणाले, "ओरेस्त, मी अडतीस वर्षं मुलांना कविता वाचायला शिकवलंय. मला काय दिसलं, हे तू मला विचारू नकोस. उद्याच्या साप्ताहिकात माझा लेख वाच."

शुक्रवारी मोहल्ल्याच्या साप्ताहिकात मास्तरांचा लेख आला. मथळाच होता : 'बीटाच्या बरण्या आणि आपण'. लेखात वकिलाचा उल्लेख एकदा होता, म्हातारीचा अकरा वेळा. ओरेस्तने तो उभ्याउभ्याच वाचला आणि मग खुर्ची ओढून बसला. आईला फोन करून खरं सांगावं म्हणून रिसीव्हरकडे हात नेला, तर लूझचाच फोन आला. "कुया, तुझ्या आईने केस सेट करून घेतलेत. पूर्ण मजल्याला सांगितलंय. एकीने तर तिची सही घेतली."

ओरेस्तने फोन ठेवला.

शनिवारी कॅमिओ भरलं होतं. आईने तीच फरची टोपी घातली होती आणि ओठांना लाली लावली होती. पहिल्या रांगेच्या कडेला तिची व्हीलचेअर लावली, शेजारी ओरेस्त, पलीकडे मार्गरीत आणि लूझ. मास्तर मधोमध, नवा टाय घालून. सिनेमा सुरू झाला आणि दहाव्या मिनिटाला आईची मान छातीवर टेकली. ओरेस्तने आयुष्यात देवाचे इतके आभार कधी मानले नव्हते.

दिवे लागल्यावर ती दचकून जागी झाली. "माझं झालं का?"

"झालं, आई."

"कसं झालं?"

"छान झालं," ओरेस्त म्हणाला आणि त्याने खाली बघितलं.

दिग्दर्शिका पडद्यापुढे आली. ब्रिन थॉर्लाकसन, जवळच्या गिमली गावची मुलगी, तिशीची, पायांत जाड बूट, आणि आठवडाभर झोप न मिळाल्यासारखा चेहरा. पहिला प्रश्न अर्थातच मास्तरांचा. ते उभे राहिले, घसा खाकरला, आणि त्यांनी म्हातारी, बस, नदी, बरण्या, सगळं इतक्या सुंदर शब्दांत मांडलं की मागच्या रांगेतल्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. "तर माझा प्रश्न असा," ते म्हणाले, "ती म्हातारी कोण आहे?"

ओरेस्तने डोळे मिटून घेतले. आता ती म्हणणार, असली म्हातारी माझ्या सिनेमात नाही.

दिग्दर्शिकेने मान तिरकी केली. केसांतून हात फिरवला. "वा," ती म्हणाली. "बरं झालं कुणीतरी विचारलं. सहसा लोकांच्या नजरेतून निसटतो तो सीन."

ओरेस्तचे डोळे खाडकन उघडले.

"ती म्हातारी," दिग्दर्शिका पुढे म्हणाली, "म्हणजे उघडच आहे, ती मरण आहे. रिकामी बस घेऊन ती आपल्या प्रत्येकाच्या दारात येतेय."

सभागृहात "हं..." असा हुंकार उठला. मास्तरांनी मान डोलावली. मार्गरीतने रुमाल काढला.

"काय म्हणाली ती?" आईने विचारलं.

"काही नाही, आई."

"कोण मेलं?"

"कोणी मेलं नाही!"

"मग ती मरण मरण काय करतेय? माझ्याबद्दल बोलतेय का?"

तिचा आवाज थिएटरभर गेला. ओरेस्तने तिच्याकडे बघितलं. टोपी, लाली, सेट केलेले केस. एकतीस वर्षांत त्याने बसमध्ये दारुडे, भांडखोर, एकदा तर जिवंत मेंढी घेऊन चढलेला माणूस झेलला होता, पण आईला कोणी मरण म्हटलेलं ऐकायची त्याला सवय नव्हती. तो उभा राहिला.

"बाई, माफ करा," तो म्हणाला. "पण ती मरण नाही. ती माझी आई आहे. ही काय, इथे बसलीय."

सगळ्या माना वळल्या. आईने हात हलवला.

"तो सीन तुमच्या सिनेमात नाहीच," ओरेस्त म्हणाला. आता थांबण्यात अर्थ नव्हता. "मी मंगळवारी पेरोगी खाऊन झोपलो होतो. ते माझं स्वप्न होतं. मी चुकून सिनेमा म्हणून सांगितलं, आणि मग... मग ते वाढत गेलं. गुरुवारी मी पुन्हा बघितलाय. भट्टी आहे, बदकं आहेत. बस नाही."

मग दिग्दर्शिकेने तोंडावर हात दाबला. तिचे खांदे हलायला लागले. "देवा," ती म्हणाली, "यात तीन हजार एकशे चाळीस कट आहेत. माझ्या एडिटरने त्यात काय काय घुसवलंय ते मला स्वतःला आठवत नाही. आणि ते काका इतक्या खात्रीने बोलत होते!"

जो हशा उठला तो भिंतींना लागून परत आला. लूझ हसता हसता म्हणाली, "मी तर पाचव्या मिनिटालाच झोपले होते!" मार्गरीतने तोच रुमाल तोंडावर घेतला. "मी खरंच रडले होते," ती म्हणाली. "पण डोळ्यात मस्करा गेला होता म्हणून."

ओरेस्त आईपुढे गुडघ्यावर बसला. "आई, सिनेमात नव्हतीस तू. मी खोटं बोललो."

आईने त्याच्याकडे रोखून बघितलं. "म्हणजे झोपेत बघितलंस मला?"

"हो."

"आणि बस चालवत होते, ते खरं?"

"ते खरं."

"मग तिकीट कशाला काढलंस गाढवा? झोपायचं तर घरी झोपायचं," ती म्हणाली. पण त्याचा हात तिने सोडला नाही, आणि परतीच्या गाडीत लूझला विचारत राहिली, नदीवरून बस नेताना ब्रेक लावतात की नाही.

या सगळ्या गडबडीत मास्तर कधी निघून गेले ते कुणालाच कळलं नाही. त्यांची वही खुर्चीवर राहिली होती. ती ओरेस्तने उचलली.

रविवारी दुपारी तो वही घेऊन मास्तरांच्या घरी गेला. मास्तरांनी दार उघडलं, पण आत या म्हणाले नाहीत.

"माझी थट्टा करायला आलायस?"

"वही द्यायला आलोय. मास्तर, मी ती उघडली. पत्ता बघायला. एकही अक्षर लागलं नाही. ओळीवर ओळ, तिच्यावर आणखी ओळ. हे काय लिहिता तुम्ही?"

मास्तरांनी वही घेतली. ती हातात तोलली. मग दारातून बाजूला झाले.

स्वयंपाकघरात चहा टाकताना त्यांनी कप शोधायला टेबलावर हात फिरवला, तेव्हा ओरेस्तला समजलं.

"मधलं दिसत नाही," मास्तर म्हणाले. "दोन वर्षं झाली. कडेचं दिसतं. तुझा कान दिसतो, तोंड दिसत नाही. सिनेमा सावकाश असला तर मान वाकडी करून जुळवून घेतो. पण हे असले धावते सिनेमे म्हणजे माझ्यासाठी नुसता रंगीत धुरळा. मग तुम्ही काय सांगता ते ऐकायचं आणि अर्थ लावायचा."

"सांगितलं का नाही?"

"चौघांत समजणारा मी एकटा. समजणाऱ्यालाच दिसत नाही म्हटलं, की मंडळात माझं काम काय?"

ओरेस्तने चहाचा घोट घेतला. साखर म्हणून मास्तरांनी मीठ घातलं होतं. त्याने निमूट गिळला.

"मास्तर, मला सगळं दिसतं," तो म्हणाला. "पण घंटा कळत नाही. दोन वर्षं मी 'वेग भारी होता' म्हणून दिवस काढले. मी सांगतो काय चाललंय, तुम्ही सांगा का चाललंय."

"आंधळ्या-पांगळ्याची जोडी."

"बसमध्ये त्यांना पुढची सीट राखीव असते."

मास्तर हसले नाहीत. पण मंगळवारी एकला पाच मिनिटं कमी असताना ते कॅमिओच्या जिन्यात उभे होते. टाय नव्हता. वहीही नव्हती. मार्गरीतने त्यांना बघितलं, त्यांचा मफलर नीट केला, आणि म्हणाली, "चला, मरणाची बस सुटेल." मास्तरांचे कान लाल झाले, पण तिने दंड धरला तो त्यांनी सोडवला नाही.

त्या दिवशीच्या सिनेमात एक माणूस स्वतःच्याच सुटकेसमध्ये राहत होता. ओरेस्त मास्तरांच्या कानाशी लागला. "सुटकेस उघडली. आत जिना आहे. तो उतरतोय. आता जिना वर चाललाय. आता सगळं हिरवं. आता मासा."

"कसला मासा?"

"मोठा. त्याने चष्मा लावलाय."

"चष्मा कुणाकडे बघतोय?"

"चष्मा नाही बघत, मासा बघतो."

"तेच विचारतोय! डावीकडे की उजवीकडे? अर्थ बदलतो त्याने!"

"शूऽऽ!" मागून कोणीतरी म्हणालं.

"डावीकडे," ओरेस्त कुजबुजला. "नाही, गेला मासा. आता लग्न चाललंय."

"कुणाचं?"

"मला काय माहीत कुणाचं! मला आमंत्रण होतं का?"

पुढच्या रांगेतून मार्गरीत मागे वळली. "अरे, जरा मोठ्याने सांग की," ती म्हणाली. "मलाही काही कळत नाहीये."